पापडाच्या डब्यातला समुद्र : मुंबईच्या संग्रहालयांना एक खुले पत्र

प्रति,
मुंबईतील संग्रहालयांचे विश्वस्त, संचालक आणि अभिरक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात मी ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. दगड कापायचे, घासायचे, पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर चढलेली बुरशी पुसायची, आणि तोंडी परीक्षेत एखाद्या मुलाने कॅल्साइटला क्वार्ट्झ म्हटलं की तिकडे न बघता हळूच आम्लाची बाटली पुढे सरकवायची, असं माझं काम. आता बदलापूरला राहतो. आमच्या पलंगाखाली स्टीलचे ११ डबे आहेत. एके काळी त्यांत पापड, कुरडया, सांडगे असायचे. सध्या त्यांत १,७४२ स्लाइडी आहेत, बारीक समुद्री जीवांची कवचं चिकटवलेल्या. हे पत्र त्या डब्यांबद्दल आहे, आणि ते आपण सांभाळावेत या विनंतीबद्दल.

झालं असं की, काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या शिपायाचा फोन आला. "भाऊ, मायक्रोपॅलची (म्हणजे सूक्ष्म जीवाश्मांच्या विषयाची) कपाटं निघाली भंगारात. बघायचं असेल तर आत्ताच या." विभागात मुलं येईनाशी झाली होती, विषय बंद होत होता, खोली कुठल्याशा नव्या अभ्यासक्रमाला द्यायची होती. डेडस्टॉक रजिस्टरवर रीतसर निर्लेखन झालेलं होतं, त्यामुळे कागदोपत्री कोणाचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. मी पोहोचलो तेव्हा भंगारवाल्याने लाकडाचा भाव लावला होता, बिजागऱ्यांचाही लावला होता. स्लाइडींचे खण मात्र त्याने फरशीवर उपडे केले होते. "पुठ्ठा धड नाही, काच धड नाही. ह्या तुम्हीच उचला," म्हणाला. मी उचलल्या. वाचलेल्या तीन लाकडी पेट्यांत जेवढ्या मावल्या तेवढ्या घेतल्या आणि दादरहून लोकलच्या मालडब्यात चढलो. शेजारी पाट्या घेऊन बसलेल्या एका मासेवाल्या मावशींनी विचारलं, "काय आहे ओ एवढं मांडीवर सांभाळून?"

"रेती."

"रेती? बदलापुरात नाय गावत?"

मला उत्तर सुचलं नाही. ३१ वर्षं त्या रेतीत घालवलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. ते उत्तर उशिरा का होईना देतो आहे, आणि ते मावशींपेक्षा आपल्यालाच ऐकवायची जास्त गरज आहे असं मला वाटतं.

वर्सोव्याची किंवा गोराईची चिमूटभर रेती धुऊन, वाळवून काळ्या तबकात पसरली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की आधी काळ्या दगडाचे कण दिसतात, मग शिंपल्यांचा चुरा. नजर बसली की त्या चुऱ्यात काही कण असे दिसू लागतात की ते कोणीतरी हाताने घडवले असावेत. एकाला चकलीसारखे वेढे. एक लसणाच्या गड्ड्यासारखा. एक गव्हाच्या लोंबीसारखा, दाण्यावर दाणा चढलेला. हे फोरॅमिनिफेरा. आम्ही सगळे नुसतं 'फोरॅम' म्हणायचो. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, आणि वाढला की त्या घराला पुढची खोली जोडतो. चाळीत गॅलरी बंद करून खोली काढतात ना, तसं. बहुतेकांचं अख्खं घर एक मिलिमीटरहून लहान असतं. जीव मरतो, घर तळाच्या गाळात पडून राहतं, त्यावर पुढचा गाळ बसतो. फ्रान्सच्या आल्सिद दोर्बिन्यीने १८२६ साली या मंडळींना नाव दिलं तेव्हा त्याला हे माकूळ-नळांच्या कुळातले बारके भाईबंद वाटले होते. हा एका पेशीचा कारभार आहे हे १८३५ मध्ये दुसऱ्याच फ्रेंच माणसाने, द्युजार्दाँने, दाखवलं. हा किस्सा बाई दरवर्षी पहिल्या तासाला सांगायच्या. (आमच्या प्राध्यापिकांना आम्ही सगळे 'बाई' म्हणायचो. त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.)

सगळेच फोरॅम बारीक नसतात. कच्छच्या सहलीत फुलरा चुनखडीवर मुलं उतरली की पहिल्या पाच मिनिटांत खिसे भरायची. तिथे न्युम्युलाइट पायाखाली विखुरलेले असतात, नाण्यांसारखे चपटे आणि गोल. नावही लॅटिनमधल्या नाण्यावरूनच आलेलं. वय सुमारे चार कोटी वर्षं. गिझाचे पिरॅमिड ज्या चुनखडीचे आहेत तीही न्युम्युलाइटांनी भरलेली. तिथे पडलेले हे चपटे दाणे मजुरांच्या जेवणातल्या, दगड झालेल्या मसुरा आहेत अशी लोकसमजूत असल्याचं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलं आहे. त्याला स्वतःला ते पटलं नव्हतं, हेही त्याने लिहिलंय. मला तो माणूस यासाठी आवडतो.

आता मुंबईचं आणि यांचं नातं. दोन नाती मला माहीत आहेत, आणि दोन्ही आपल्या दालनांत मला दिसली नाहीत.

पहिलं तेलाचं. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. ते तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडीत मुरलेलं आहे, आणि छिद्र खणणाऱ्याला आपण कोणत्या काळाच्या थरात पोहोचलो हे सांगायचं काम बराच काळ याच दाण्यांनी केलं. छिद्रातून चिखलाबरोबर दगडाचे कपचे वर येतात. ते धुवायचे, चाळायचे, फोरॅम वेचायचे, ओळखायचे. यात एक मेख आहे. वरच्या थरांचे तुकडे ढासळून खाली पडतात, त्यामुळे खोलवरच्या नमुन्यात वरचे, म्हणजे नंतरच्या काळातले, जीवही सापडतात. म्हणून एखादी जात खाली कुठे संपते याला फारसा अर्थ नसतो. खणत जाताना ती पहिल्यांदा कुठे दिसते, म्हणजे प्रत्यक्षात ती पृथ्वीवरून कधी नाहीशी झाली, ते पाहायचं. याला सगळे 'टॉप' म्हणतात. आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीवर आला की रात्री दोन वाजता 'टॉप' सापडल्याच्या गोष्टी सांगायचा, लोक क्रिकेटच्या सांगतात तशा.

दुसरं नातं माणसाचं. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतला डॉक्टर. 'पालिन्युरस' या सर्वेक्षणाच्या जहाजावर १८४४ ते १८४६ या काळात तो अरबस्तानच्या किनाऱ्याने फिरला, आणि पुढे मुंबईत राहून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा सचिव झाला. ही संस्था जिथे आहे त्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर आज मुलं फोटो काढत बसलेली असतात. त्याच संस्थेच्या नियतकालिकात त्याने १८५२ साली मुंबई बेटाच्या भूशास्त्रावर लिहिलं. सिंधमधल्या मोठ्या जीवाश्म फोरॅमांची वर्णनं लिहिली. अरबी समुद्रातल्या 'ऑपरक्युलिना अरेबिका'च्या कवचात आतून किती सूक्ष्म नळ्यांचं जाळं आहे ते उलगडून दाखवलं. हे सगळं दवाखाना सांभाळून, मुंबईच्या दमट हवेत, त्या काळच्या भिंगांनी. १८५७ मध्ये पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरचे निबंध त्याने संपादित करून इथेच छापले. १८५९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १८६२ मध्ये मायदेशी परतला. १८८४ साली ब्रेडीने एका विलक्षण फोरॅमला 'कार्टरिना' हे नाव दिलं. विलक्षण अशासाठी की हा जीव आपलं घर चुन्याच्या सुयांसारख्या बारीक काड्या रचून बांधतो.

एवढा हा माणूस, आणि मुंबईत त्याच्या नावाची ओळ मला कोणत्याही दालनात आढळली नाही. कंपनी सरकारच्या डॉक्टरचे पोवाडे गावेत असं मी म्हणत नाही. पण वरळीच्या टेकडीजवळच्या थरांतल्या इवल्याशा बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन १८४७ साली लंडनमध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने केलं, फोरॅमांवरचं काम कार्टरने इथे केलं, आणि आज या शहरातल्या मुलाला यातलं एकही चित्र बघायला मिळत नसेल तर त्याच्या शाळेला दोष देऊन काय उपयोग?

ज्या ब्रेडीचं नाव वर आलं त्याच्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण माझं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे.

हेन्री बोमन ब्रेडी हा न्यूकासलचा औषधविक्रेता. 'चॅलेंजर' जहाज १८७२ ते १८७६ जगभरचे समुद्र फिरून आलं, ठिकठिकाणी तळाचा गाळ उपसून आणि जाळ्यांनी पाण्यातले जीव गोळा करून. त्यातले फोरॅम ब्रेडीकडे सोपवले गेले. १८८४ साली त्याचा अहवाल निघाला, सोबत ११५ चित्रफलक. आजही फोरॅमचं नाव ठरवताना लोक त्या फलकांपाशी जातात. बाईंकडे त्यांच्या झेरॉक्स होत्या, कडा तेलकट झालेल्या. ब्रेडीच्या स्लाइडी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.

त्याच संग्रहात एक स्लाइड अशी आहे की तिच्यावर विज्ञान जवळजवळ नाहीच. आर्थर अर्लंड नावाच्या अभ्यासकाने आपला सहकारी एडवर्ड हेरॉन-ॲलन याला १९१२ च्या नाताळात भेट दिलेलं कार्ड, फोरॅम चिकटवून अक्षरं काढलेलं. हेरॉन-ॲलन हा पेशाने वकील. व्हायोलिन बनवण्यावर आणि हस्तसामुद्रिकावर लिहायचा, फारसीतून भाषांतरं करायचा आणि उरलेल्या वेळात फोरॅम वेचायचा. बाईंनी हे सांगितलं त्या वर्षी मी गुपचूप कामाला लागलो. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक स्लाइड दिली, तिच्यावर 'बाईंना' एवढंच लिहिलं होतं. शिरोरेघेला बोलिव्हिना नावाचे लांबट फोरॅम, एकामागे एक. वेलांटीचा बाक जमवायला तीन रात्री गेल्या. अनुस्वाराला एकच ऑर्ब्युलिना, कारण निसर्गात इतका गोल अनुस्वार दुसरा नाही. ही स्लाइड मात्र डब्यात नाही, बाईंच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे.

विषयांतर झालं. ब्रेडीकडे परत येतो. ब्रेडीने ते दाणे सांभाळले ते जाती ओळखण्यासाठी. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, त्यामुळे समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतंय, असला विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. पुढे लंडनच्याच अभ्यासकांनी 'चॅलेंजर'च्या काळात पाण्यातून धरलेली फोरॅमची कवचं काढली, 'तारा' या जहाजाने २००९ ते २०१६ या काळात गोळा केलेली त्याच जातींची कवचं शेजारी ठेवली, आणि दोन्हींच्या भिंतींची जाडी क्ष-किरणांच्या स्कॅनरने मोजली. २०२० साली निष्कर्ष छापून आला. आजची कवचं पातळ निघाली, एका जातीत तर ७६ टक्क्यांपर्यंत. बाईंनी मला तो निबंध फोनवर वाचून दाखवला. शेवटी म्हणाल्या, "जागा अडते म्हणून कोणी ते खण १९५० मध्ये रिकामे केले असते तर?"

मी पलंगाखाली बघितलं.

त्या डब्यांत काय आहे ते आता नीट सांगतो. कच्छच्या ओळीने २२ सहलींचे न्युम्युलाइट आणि त्यांचे सोबती. माजी विद्यार्थ्यांनी रीतसर परवानगी घेऊन दिलेले खोल समुद्रातल्या छिद्रांचे काही धुतलेले कपचे. आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं म्हणजे १९८४ ते २००३ या काळात दर हिवाळ्यात त्याच त्याच जागी जाऊन घेतलेली किनाऱ्याची रेती आणि खाडीचा गाळ. वरळी, वर्सोवा, गोराई, वसई, ठाण्याची खाडी. त्या वेळी तो मुलांच्या प्रॅक्टिकलचा भाग होता, त्याला कोणी संशोधन म्हणालं नाही. चिखलात पाय रुतवून मी पंजाएवढा नमुना काढायचा, बाईंनी चिठ्ठी लिहायची. फोरॅम प्रदूषणाला फार लवकर दाद देतात. गाळात विषारी धातू वाढले की काही जाती नाहीशा होतात, काहींची घरं वेडीवाकडी वाढतात, एखादी खोली भलतीकडेच फुटते. वरळीच्या किनाऱ्याचं पुढे काय झालं हे आपण रोज गाडीतून बघतो. १९८७ ची वरळीची रेती आता कुठूनही आणता येणार नाही. ती माझ्याकडे आहे, साबुदाण्याच्या डब्यात.

आणि ती तिथे खराब होते आहे, हे या पत्राचं खरं कारण.

सुरुवातीला मी स्लाइडी त्या लाकडी पेट्यांतच ठेवल्या होत्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उघडून बघतो तर न्युम्युलाइटांवर पांढरी भुकटी, बोट लावलं की सुटणारी. याला बाइनचा रोग म्हणतात. बाइन नावाच्या शंखसंग्राहकाने १८९९ साली त्याविषयी लिहिलं. त्याला तो जिवाणूंचा प्रताप वाटला होता, प्रत्यक्षात दोष लाकडाचा. लाकडातून आणि हलक्या पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ निघत असते, हवा दमट असली की ती चुन्याला खाते आणि वर क्षार फुलतात. ज्या कपाटांत ३१ वर्षं मी स्लाइडी ठेवल्या, पुसल्या, रचल्या, तीच त्यांना खात होती. मुंबईत जुलैमध्ये हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येतो. त्यात फोरॅम चिकटवायला आम्ही मशीद बंदरहून आणलेला गोंद कतिरा वापरायचो, पाण्यात सुटणारा, म्हणजे दाणा पुन्हा उचलता येतो. बुरशी येऊ नये म्हणून त्यात लवंगेच्या तेलाचा थेंब. तो थेंब काही वर्षांत उडून जातो, आणि गोंद मग कसरीला आणि बुरशीला पंगत वाटतो. म्हणून पापड बाहेर आले आणि स्लाइडी आत गेल्या. डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या आहेत, दर महिन्याला कढईत तापवून परत टाकतो. माझ्या बायकोला विचाराल तर यावर एक स्वतंत्र खुलं पत्र येईल.

भुकटीवर इलाज आहे. कसरीवर आहे. चिठ्ठ्यांचं काय करायचं ते मला समजत नाही.

बोटाएवढ्या स्लाइडच्या कडेला किती मजकूर मावणार? बाईंनी खुणा ठरवल्या होत्या. वहीत त्यांचा अर्थ होता, वही भंगारात गेली. आता 'बी-१४' अशी खूण सापडते. 'बी' म्हणजे बसीन. बसीन म्हणजे वसईचा किनारा, पण समुद्रात खोल असलेल्या इओसीन चुनखडीचं नावही बसीनच. एक गेल्या पिढीची रेती, दुसरा चार कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र. हा घोळ मी स्वतः सोडवू शकतो, भिंगाखाली धरलं की न्युम्युलाइट आहेत की आजच्या खाडीतला अमोनिया (वायू नव्हे, याच नावाचा फोरॅम) हे लगेच दिसतं. पण 'व-१४' म्हणजे वरळी की वर्सोवा? दोन्हीकडची रेती सारखीच दिसते. बाईंना विचारलं. क्षणभर डोळे मिटून म्हणाल्या, "वरळीचा व, वर्सोव्याला मी 'वे' लिहायचे, वेसावे म्हणून." मग थांबल्या. "आधीच्या दोन वर्षांत मात्र उलटं होतं बहुतेक."

बाई ८१ वर्षांच्या आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, सूक्ष्मदर्शकात फार वेळ बघता येत नाही. दर गुरुवारी मी २० स्लाइडींच्या खुणा वाचून दाखवतो, त्या आठवतात, मी नव्या वहीत लिहितो. आतापर्यंत ४६० झाल्या. उरलेला हिशेब मी मांडून पाहिला आहे आणि तो मला आवडलेला नाही. चिठ्ठी नसलेली स्लाइड म्हणजे मावशी म्हणाल्या तीच रेती, बदलापुरातही मिळते ती.

आणि माझ्याकडेच काय आहे? मुंबई-ठाण्यात भूशास्त्र शिकवलेल्या, तेलाच्या प्रयोगशाळांत बसलेल्या, आता सत्तरी-ऐंशीतल्या कितीतरी घरांत माळ्यावर अशा पेट्या असणार. माझ्याच ओळखीत अशी चार घरं आहेत. त्यांतल्या एका घरी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पेटी गेली. सूनबाईंना वाटलं, जुनी औषधं आहेत.

आपण काय म्हणाल याची मला थोडी कल्पना आहे. एका दालनात मी ते राखणदारांकडून ऐकलंही आहे. लोकांना वाघ बघायचा असतो, गेंडा बघायचा असतो, डायनोसोर कुठे आहे विचारतात. रेती कोण बघणार? यावर मी भांडत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग दालनातला गेंडा मीही लहानपणी तोंड उघडं ठेवून बघितला आहे, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या १८८३ पासूनच्या संस्थेने या शहराला जे दाखवलं त्याला तोड नाही. पण लहान वस्तू मोठी करून दाखवणं ही काही नवी युक्ती नव्हे. ज्याने नाव दिलं त्या दोर्बिन्यीनेच फोरॅमांचे हातात धरता येतील असे शंभर नमुने कोरले होते, आणि त्यांच्या प्लास्टरच्या प्रती विकल्या होत्या. चीनमध्ये झोंगशानला २००९ साली फोरॅमांच्या दगडी पुतळ्यांची बाग उघडली, माणसाएवढ्या पुतळ्यांची. आपल्याला तर दगडही नको. लालबाग-परळच्या मूर्तिशाळा गणपतीनंतर काही महिने निवांत असतात. ज्या हातांना शाडूत सोंडेचा बाक जमतो त्यांना ग्लोबिजेरिनाचे चार फुगे आणि अमोनियाचे वेढे का जमणार नाहीत? दोन फुटी अमोनिया आणि शेजारी, सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडून, त्याच वरळीच्या रेतीतला खरा दाणा. रांग लागली नाही तर माझं नाव बदला.

जागेचंही तसंच. एक स्लाइड तीन इंच बाय एक इंच. पोलादी खणांचं एक कपाट, आम्ल न सोडणारा पुठ्ठा, हवा कोरडी ठेवणारं एक यंत्र. एवढ्यात माझ्या ११ डब्यांसारखे अनेक डबे जिरून जातील. गेंड्याने अडवलेल्या जागेत तर अख्ख्या कोकण किनाऱ्याची रेती मावेल.

याच कपाटात आणखी एक खण हवा, आणि तो भरायचं काम मात्र पदरात पद असलेल्यांनीच करायचं आहे. सध्या मुंबईत जिथे तिथे खोदकाम चालू आहे. कुलाबा ते सीप्झ ही भुयारी मेट्रोच साडेतेहतीस किलोमीटरची खणून झाली. भुयाराआधी छिद्रं घेतात, त्यांतून गाळाचे आणि दगडाचे नमुने येतात, इंजिनीअर त्यांचा भक्कमपणा तपासतात, आणि काम संपलं की पेट्या जातात. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्राच्या गाळाखाली खैराच्या झाडांचे बुंधे सापडले होते, मुळांसकट उभे. जिथे आज बंदर आहे तिथे रान होतं आणि समुद्र नंतर वर आला. तो कधी, किती वेगाने आला, हे त्या बुंध्यांवरच्या गाळातले फोरॅम सांगू शकतात. खाऱ्या पाण्यातल्या जाती वेगळ्या, तिवरांच्या चिखलातल्या वेगळ्या, गोड्या पाण्यात तर जवळजवळ नाहीतच. प्रत्येक छिद्रातून मूठभर गाळ चिठ्ठीसकट मागून घ्या. आम्ही मागितला तर हाकलतील, तुमच्या लेटरहेडवर मागितला तर देतील. पुढे समुद्र किती वर येणार यावर परिषदा भरतात, तर मागे तो किती आणि कसा आला त्याचा पुरावा डंपरमधून जातो आहे.

मला मानधन नको. पाटीवर नावही नको, लावायचंच असेल तर बाईंचं लावा, मी त्यांची समजूत घालीन. सोमवार आणि गुरुवार मला मोकळे असतात. तीन शून्यांचा ब्रश अजून हातात थरथरत नाही. सकाळी डोळेही चांगले चालतात. तुमच्याकडे कोणी तरुण मुलगा-मुलगी असेल तर दाणा न मोडता कसा उचलायचा ते शिकवीन. ब्रश जिभेला लावून ओला करायचा नाही, एवढं ऐकलं तरी निम्मं काम झालं. गुरुवारी त्यांनी माझ्याबरोबर बाईंकडे यावं, वही घेऊन. चहा मिळेल.

डबे मी स्वतः आणून देईन. सकाळी बदलापूरहूनच सुटणारी गाडी असते, मालडब्यात जागा असते. मात्र कळवायचं असेल तर जूनच्या आधी कळवावं. एकदा पाऊस लागला की मी ते उघडत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
बदलापूर